उतार नाही म्हणणारा वाटाड्या

जालन्यात कुणी नुसतं ‘डोंगराकडं’ म्हटलं की ते उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेकडं. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला डोंगर, मधे मोसंबी, कापूस आणि सळ्या ओढणारे कारखाने. जिल्हा असा तळहातावर मांडून दाखवता येतो. १ मे १९८१ला तो वेगळा झाला तेव्हा लेणी आणि घाटाची ऐन कड पलीकडच्या जिल्ह्यात राहिली. आमच्या वाट्याला आली ती डोंगराची पाठ.

त्या पाठीवरून चालत जावं म्हणून सप्टेंबरातल्या एका सकाळी भोकरदनच्या एस.टी.त बसलो. झोळीत तीन पुस्तकं आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा. शेजारी टोपलं घेऊन बसलेल्या मावशींनी गठ्ठ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘परीक्षा हाय का?’’ हो म्हणालो. तेवढंच सोपं होतं.

खरं कारण असं होतं, की त्या वर्षी मी रानाची पुस्तकं एकामागून एक वाचत सुटलो होतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावण्यांमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी शिकारीवर ढिगानं लिहून ठेवलंय. कॅप्टन हेन्री शेक्सपिअरचं १८६०चं ‘द वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ इंडिया’ हे त्यातलं एक. जालन्यातही अशी मोठी छावणी होती. ही पुस्तकं वाचायला झकास असतात, हे कबूल केलं पाहिजे. वाघ किती फूट किती इंच, बंदूक कुठल्या बनावटीची, गोळी खांद्याच्या किती मागं लागली, सगळं नोंदलेलं. पण मचाणावर साहेब बसला की खाली हाका सुरू होतो, आणि तिथं गंमत होते. ढोल बडवत, आरडाओरडा करत, झुडपं झोडपत रान उठवणारी चाळीसपन्नास माणसं, जी वाघाच्या सगळ्यात जवळ असतात, ती एका शब्दात उरकलेली असतात. भिल्ल. किंवा कोळी. किंवा नुसतेच हाकारे. एकदा ही खोड लक्षात आली की मग तीच दिसत राहते.

मारुती चितमपल्लींकडं वळलो तेव्हा जरा बरं वाटलं. ते वनखात्यातले, म्हणजे तसे साहेबच. पण नवेगावबांधबद्दल लिहिताना माधवराव पाटील डोंगरवार हा रानातला दर्दी त्यांच्या पानांवर नावागावासकट उभा राहतो. आणि पाखरांची नावं त्यांनी पारध्यांकडून, गोंडांकडून विचारून घेतली. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. ‘रानवाटा’ झोळीत होतं ते थोडं त्यांच्या आठवणीनं.

राजूरला गणपतीसाठी निम्मी गाडी रिकामी झाली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन, मधे आल्याचे गादीवाफे. भोकरदन आलं तेव्हा अकरा वाजले होते.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडं जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे सातवाहनांच्या काळातलं नगर. सांचीच्या स्तूपावर दान दिलेल्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचीही माणसं आहेत. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री निघाली, दोन बाजूंना दोन दासी. अशीच एक हस्तिदंती बाई १९३८मध्ये इटलीतल्या पाँपेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली होती. केळणा नदीच्या काठावर उभं राहून हे आठवलं की समोरची चहाची टपरी, टमटमवाल्यांची घाई, सगळंच थोडं डुगडुगतं.

टपरीवर बसून स. आ. जोगळेकरांची १९५६ची ‘गाथासप्तशती’ उघडली. सातशे गाथा, हाल सातवाहनाच्या नावावर, महाराष्ट्री प्राकृतातल्या. शृंगाराचं पुस्तक म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि आहेच. पण मला ती रानाचं आपल्याकडचं पहिलं पुस्तक वाटते. गोदावरीकाठची बेटं, विंध्यातले पुलिंद, व्याधाची झोपडी. त्यातली एक व्याधाची सून मोरपिसं कानात खोवून तोऱ्यात फिरते, आणि तिच्या सवती मात्र हत्तीच्या गंडस्थळातल्या मोत्यांनी मढलेल्या. टीकाकार उलगडून सांगतात: नवरा हिच्यात असा गुंतला की आता त्याच्यात हत्ती मारायचं बळच उरलं नाही, फार तर मोर. मोत्यांपेक्षा मोरपिसाचा माज जास्त! हे ज्यानं लिहिलं त्यानं व्याधाचं घर आतून पाहिलं असावं. नाव त्या सुनेलाही नाही म्हणा. पण तिचा तोरा दोन हजार वर्षं टिकलाय.

भोकरदनहून पूर्वेला आसई. काळीपिवळी भरेपर्यंत पाऊण तास गेला. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची गाठ इथं आर्थर वेलस्लीशी पडली. हाच पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, तर तो आसईचं नाव घेई.

या लढाईतले इथल्या माणसांचे प्रसंग दोन. दोन्ही नावांवाचून. पहिला हरकाऱ्यांचा. मराठ्यांची फौज कुठं आहे, तर हरकारे म्हणाले, भोकरदनला. इंग्रजानं नकाशात गाव पाहिलं. हरकाऱ्यांच्या लेखी सगळा परगणाच भोकरदन. त्यामुळं वेलस्ली दुसऱ्या दिवशीच्या लढाईची मनात आखणी करत चालला होता, आणि फौज दिसली ती आदल्या दिवशी दुपारी, अनपेक्षित, नदीपलीकडं पसरलेली.

दुसरा प्रसंग वाटाड्यांचा. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वेलस्लीनं खालच्या अंगाला दुसरा उतार आहे का विचारलं. वाटाडे म्हणाले, नाही. त्यानं दुर्बीण लावली, तर केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळची गावं उतारावाचून राहतील कशी, असा त्यानं तर्क केला, फौज तिकडं वळवली आणि उतार निघाला. पाण्यातून जाताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं. संध्याकाळपर्यंत लढाई त्यानं जिंकली, पण प्रत्यक्ष लढलेल्या साडेचार हजारांपैकी त्याचे दीड हजारांवर मेले किंवा जायबंदी झाले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमान हा हानोव्हरचा जर्मन, तोही इतिहासात नोंदलेला आहे. वेलस्लीच्या मांडीखाली भाला लागून जखमी झालेल्या घोड्याचंसुद्धा नाव आहे, डायोमेड.

इंग्रजी पुस्तकं या दुर्बिणीच्या गोष्टीवर फिदा आहेत. पाहा कसा अडाणी वाटाड्या आणि कसा तर्कनिष्ठ सेनापती! केळणेत गुडघाभर पाण्यात उभं राहून मला ती गोष्ट पचेना. ज्या दोन गावांच्या सोयरिकी, बाजार, जत्रा एकमेकांत, त्यांच्या मधला उतार या मुलखातल्या वाटाड्याला ठाऊक नसेल? त्याला ठाऊक होता. उभ्या ज्वारीतून फौज नेणारा उतार कुठला शहाणा माणूस दाखवील? हा माझा तर्क. वेलस्लीनं केला तसा मीही एक करून पाहिला, माझ्याकडं दुर्बीण नाही एवढंच.

गावात सांगतात की नांगरटीत तोफेचे गोळे निघायचे. मला दाखवायला कुणाच्या घरी नव्हता. एकानं मात्र आपुलकीनं सांगितलं, ‘‘गोरे लोक येतेत बघायला. तुम्ही आपले कामून आले?’’

अन्व्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथलं महादेवाचं मंदिर बाराव्या शतकाच्या आसपासचं, भिंतींवर विष्णूची स्त्रीरूपं, अतिशय देखणं. ते सावकाश पाहायचं सोडून मी घाईत पाहिलं, कारण पुढची गाडी शेवटची होती असं कळलं. ती गाडी आलीच नाही. दुधाच्या टेम्पोत क्यानांच्या मधे बसून रात्री अजिंठा गाठलं.

अजिंठा गाव म्हणजे लेणी नव्हेत. लेणी पुढं घाटाखाली. २८ एप्रिल १८१९ला मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर असताना त्याला ती दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख ओरखडून ठेवली आहे, तीही अशी उंच, की आज हात पोचत नाही. तेव्हा आत गाळ भरलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. लेण्याचं तोंड त्याला एका गुराख्याच्या पोरानं दाखवलं, असं सगळे सांगतात. पोराची सही कुठं नाही. लेण्यांत पूर्वी गुरं बसायची, म्हणजे त्या पोराच्या दृष्टीनं हरवलेलं असं काही नव्हतंच.

त्याच मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४पासून इथं राहिला, वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला करत बसला. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६च्या आगीत जळाल्या. चित्रकार म्हणून तो सगळ्यांना माहीत. पण वाघांचा नामांकित शिकारी म्हणूनही त्याची ख्याती होती, आणि १८६४मध्ये त्याच्या छायाचित्रांचं जे पुस्तक वास्तुकलेचा अभ्यासक फर्ग्युसन याच्या टिपणांसह निघालं त्याच्या नावात वास्तुकलेबरोबर ‘नॅचरल हिस्टरी’ही आहे. माझ्या गठ्ठ्यातल्या झेरॉक्स त्याच पुस्तकाबद्दलच्या. शंभर चित्रं, दोन डोळ्यांनी पाहायच्या यंत्रात घालून लांबी-खोली दिसेल अशी. विलायतेतल्या दिवाणखान्यात बसून आमचा डोंगर बघायची सोय.

सकाळी उठून पारोची कबर पाहिली. पारो या डोंगरातली, गिलबरोबर राहिलेली. कुळाबद्दल कुणी कोळी म्हणतं, कुणी भिल्ल. ती २३ मे १८५६ला गेली, ते गिलनं दगडावर कोरवून ठेवलं, आपल्या प्रेमाचा उल्लेख करून. कबर साधी, गवत वाढलेलं. साहेब लोकांनी या रांगेवर लिहिलेल्या एवढ्या मजकुरात डोंगरातल्या एका बाईचं नाव तारखेसह मला दिसलं ते या एका दगडावर. ना. धों. महानोरांनी १९८४च्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात तिला बोलतं केलं. महानोर घाटाखालच्या पळसखेड्याचे. रानातल्या कविता लिहिणारा हा माणूस रानात खरोखर नांगर धरून असायचा. कबरीपाशी बसून मी त्यातली काही पानं वाचली. पण मन सारखं वाहरू सोनवणे यांच्याकडं जात होतं. ते भिल्ल, शहाद्याकडचे, ‘गोधड’ या संग्रहाचे कवी. ‘स्टेज’ नावाची त्यांची एक कविता आहे: आमचं दुःख आम्हालाच व्यासपीठावरून ऐकवणाऱ्यांबद्दलची. पारोला ती वाचायला मिळाली असती तर तिनं गिलला आणि महानोरांनाही काय सुनावलं असतं, कोण जाणे. मलाही सोडलं नसतं.

परतताना अन्व्याच्या अलीकडं उतरलो आणि कडेच्या रानात शिरलो. आपटा, धावडा, सागाची खुरटी झाडं, मधूनच वनखात्याचं तारेचं कुंपण आणि रोपवनाची पाटी. याच रांगेत पश्चिमेला गौताळा अभयारण्य आहे, १९८६चं. त्याच्या नावात अजून औट्रम घाट आहे, भिल्लांची पलटण उभारणाऱ्या औट्रमच्या नावाचा. पूर्वेला बुलढाण्यातलं ज्ञानगंगा. २०१९मध्ये टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला होता. गळ्यात पट्टा, म्हणून रोजचं पाऊल नोंदलेलं. त्याला कागदावर क्रमांक होता, लोकांनी नाव ठेवलं ‘वॉकर’.

कुंपणापाशी एक म्हातारबा बकऱ्या घेऊन बसले होते. डोक्याला पटका, हातात आकडी. तंबाखूची देवाणघेवाण झाली.

‘‘आबा, वाघ येतो का इकडं?’’

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ‘‘रानात त्याचं नाव घेऊ नये. जनावर म्हणावं.’’ मग म्हणाले, ‘‘जनावर येतं. ठिपक्याचं. मोठं न्हाई.’’

आजा हाक्याला जायचा, असं त्यांनी आपणहून सांगितलं. निजामाच्या राज्यात, कुणा साहेबासाठी. दोन आणे मिळायचे आणि एकदा अस्वलानं मांडी फाडली. आज्याचं नाव विचारलं, ते सांगितलं. त्यांचं स्वतःचं विचारलं, तेही सांगितलं, बापासकट, गावासकट. मी वहीत लिहून घेतलं आणि मनातून खूश झालो.

वही बंद करताना त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘पर छापू नका. फॉरेस्टवाले म्हणतेत, बकऱ्या कामून आणल्या हितं. आज्याचं बी नको. त्याच्यावरून माझं कळंल.’’

कबूल केलं. उठताना विचारलं, ‘‘इथून खाली नाल्यात उतरायला वाट आहे का?’’

त्यांनी कुंपणाकडं पाहिलं, माझ्या बुटांकडं पाहिलं. ‘‘न्हाई. तिकडून सडकेनं जा.’’

सडकेनं वळसा घालून मी खालच्या पुलावर आलो तेव्हा वर पाहिलं. तार एका जागी वाकवलेली होती. तिथून बकऱ्या एकामागून एक, न धडपडता, नाल्यात उतरत होत्या आणि त्यांच्या मागून पटका.