डेक : धुणे, वाळवणे, रंगवणे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घरामागचा डेक बहुधा सदर्न यलो पाइनचा असतो. हे मऊ लाकूड नुसतेच उघड्यावर टाकले तर काही वर्षांत कुजते, म्हणून त्यात तांब्याची संयुगे दाबाने मुरवलेली असतात. पूर्वी तांब्याच्या जोडीला क्रोमियम आणि आर्सेनिकही असे. २००३ अखेर उत्पादकांनी घरगुती कामासाठी ते बंद केले. त्याआधी बांधलेले डेक अजूनही पुष्कळ घरांना आहेत. त्यांना पॉलिश पेपर मारू नये, त्यांचे तुकडे जाळू नयेत आणि खाण्याची वस्तू थेट फळीवर ठेवू नये. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून उन्हाळ्यात डेकवर कुरडया वाळत पडतात, त्या ताटात किंवा टेबलावरच घालाव्यात.

मुरवलेले हे औषध कुजण्यापासून आणि वाळवीपासून वाचवते, ऊनपावसापासून नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. उन्हातली अतिनील किरणे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात ते मोकळे, करडे तंतू. पाणी शिरले की फळी फुगते, वाळली की आकसते आणि या ओढाताणीत तिला चिरा पडतात. सावलीच्या बाजूला काळे ठिपके धरतात. ते मळाचे की बुरशीचे हे ओळखायला घरातल्या ब्लीचचा एक थेंब पुरतो : डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ. मात्र सगळा डेक ब्लीचने धुणे चुकीचे. ब्लीच लिग्निनही खाते आणि कडेच्या रोपांचाही बळी घेते.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेटची पूड चांगली. पाण्यात तिच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. आधी फळ्यांमधल्या फटी सुरीने मोकळ्या कराव्यात, कारण तिथे अडकलेला पाला महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. मग द्रावण ओतावे, पंधरा मिनिटे सुकू न देता ओले ठेवावे, लांब दांड्याच्या ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे आणि बागेच्या नळीने धुऊन टाकावे. त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाचा हात द्यावा. त्याने सोड्याचा अल्कधर्म मारला जातो, लाकडाचा रंग उघडतो आणि खिळ्यांभोवतीचे काळे-निळे डाग जातात. या वेळी हातमोजे आणि चष्मा हवाच. तुळशीची कुंडी महिनोन्महिने एकाच जागी ठेवल्याने उमटलेले काळे कडेही याच आम्लाने बरेचसे निघते. कुंडीखाली पाये लावले तर ते पडतच नाही.

एवढी मेहनत जिवावर येते, म्हणून प्रेशर वॉशर येतो. प्रस्तुत लेखकाच्या न्यू जर्सीतील डेकचे त्यापायी जे झाले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण तसेच काम दर वसंतात गल्लोगल्ली होते. डेक २००३ नंतरचा, लाकूड धडधाकट, फक्त करडे पडलेले. ठेकेदाराने पेट्रोलवर चालणारे, तीन हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढचे यंत्र आणले आणि बारीक तोंडाची नळी फळीपासून वीतभर अंतरावर धरली. दुपारपर्यंत डेक नव्यासारखा पिवळाधमक दिसू लागला. घरातले सगळे खूश झाले, शेजारीही पाहून गेले. दुसऱ्या दिवशी वरून सुकल्यावर खरे रूप दिसले. पाइनच्या प्रत्येक वार्षिक वलयात वसंतात वाढलेला भाग मऊ आणि नंतरचा कडक असतो. पाण्याच्या माऱ्याने मऊ भाग उकरला गेला आणि कडक रेषा कंगोऱ्यांसारख्या वर राहिल्या. ठेकेदाराचा हात जसा फिरला तशा कमानी फळ्याफळ्यांवर उमटल्या होत्या. अनवाणी पायात कुसळे शिरू लागली.

त्याच सकाळी, फटींतून अजून पाणी ठिबकत असताना, त्यावर रोलरने गडद तपकिरी, अपारदर्शक स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, फासला गेला. फळीवर चार थेंब शिंपडून पाहिले असते तरी कळले असते : थेंब लगेच मुरले तर लाकूड स्टेन प्यायला तयार, तसेच वर राहिले तर नाही. तेवढे करायलाही सवड नव्हती. पहिला हिवाळा सरला आणि पायऱ्यांवर, फळ्यांच्या टोकांशी, खिळ्यांच्या माथ्यांभोवती पापुद्रे सुटले. एखादा पापुद्रा उलटून पाहिला की त्याच्या पोटाशी करडे तंतू चिकटलेले दिसत. म्हणजे रंगाने लाकूड सोडले नव्हते. यंत्राने सैल केलेला लाकडाचा थरच रंगाबरोबर निघून आला होता. ठेकेदाराला बोलावले तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. हमी भिंती आणि कठड्यांना आहे, चालण्याच्या पृष्ठभागाला नाही, असे करारात बारीक अक्षरांत छापलेले होते. डेकवर माणूस चालणार नाही तर काय करणार? ज्या जागेसाठी पैसे मोजले तीच जागा हमीतून वगळायची, हा व्यवहार अजूनही पचत नाही. असे कलम कायदेशीर असेलही. ते प्रामाणिक नाही. तो थर काढायला रंग उतरवणारे जेल, खरवडणी आणि पॉलिश पेपर यांत सगळा उन्हाळा गेला आणि खर्च रंगकामापेक्षा जास्त आला.

तो डेक पाहिल्यावर लाकडावर हे यंत्र चालवूच नये असे वाटते. तरी खरे सांगायचे तर दोष यंत्राचा नव्हता. पाइनला पाचशे-सहाशे पीएसआय पुरतात. चाळीस अंशांत फाकणारे तोंड लावून ते फुटभर लांब धरले आणि हात एकसारखा चालता ठेवला तर नुसती धूळ-साबण धुवायला ते उपयोगी पडते. मळ रसायनाने सोडवायचा, दाबाने नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

धुतल्यावर निदान दोन दिवस कोरडे ऊन हवे, दमट जुलैत त्याहून जास्त. नव्या लाकडात कारखान्यातलेच पाणी मुरलेले असते, ते वाळायला आठवडे, कधी महिने लागतात. स्टेन निवडताना एकच प्रश्न विचारावा : हा आत मुरतो की वर थर धरतो? थर धरणारा रंग उभ्या भिंतीवर टिकतो. डेकवर पाणी साचते, फळी हलते, पाय घासतात, आणि थर फुटला की पाणी त्याच्याच खाली अडकते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनची सरकारी वनोपज प्रयोगशाळाही डेकसाठी मुरणाऱ्या, अर्धपारदर्शक स्टेनचीच शिफारस करते. त्यातल्या रंगद्रव्याने ऊन अडते. तो दोन-तीन वर्षांनी झिजून फिका पडतो, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत, आणि धुऊन वर नवा हात देता येतो. बिनरंगी जलरोधक पाणी अडवतो, ऊन फारसे नाही; तो जवळजवळ दरवर्षी लावावा लागतो.

स्टेन दहा ते तीस अंश सेल्सियस तापमानात, थेट ऊन नसताना लावावा. दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घ्याव्यात, नाहीतर मध्येच दुहेरी पट्टे दिसतात. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना भरपूर पाजावा, कारण पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरते. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेला स्टेन फडक्याने टिपून घ्यावा. न टिपलेला चिकट राहतो. तेलकट स्टेनची फडकी बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नयेत. तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेतो; अशाने घरे जळाली आहेत. फडकी बाहेर उलगडून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

हिवाळ्यात बर्फ प्लॅस्टिकच्या फावड्याने, फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ओढावे. काही जण काहीच न लावता डेक करडा होऊ देतात. वर त्या करडेपणाला खराबी म्हटले आहे. पण ज्यांवर कोणी काहीच केले नाही, असे डेक बरेचदा एकसारखे आणि देखणे दिसतात, हेही खरे. चिरा आणि कुसळे पत्करायची तयारी असेल तर तोही मार्ग आहे.

रंगाहून महत्त्वाचा आहे तो घराच्या भिंतीला टेकलेला लेजर नावाचा आडवा वासा. डेक कोसळतात ते बहुधा तिथून, आणि बहुधा तो नुसत्या खिळ्यांवर असल्यामुळे. ताम्रयुक्त औषध साधे लोखंड खाते, म्हणून बोल्ट, स्क्रू आणि पट्ट्या गरम जस्तात बुडवलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. दर वसंतात खाली वाकून लेजर आणि खांबांच्या बुडख्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. लेजरला बोल्ट नसतील तर स्टेनचा डबा उघडण्याआधी ते बसवून घ्यावेत, आणि तोवर डेकवर पंगत बसवू नये.