गाठीतला नमुना

मलकापुरात कापूस पारखणारी माणसं पुष्कळ. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरायची, ओढायची, पुन्हा जुळवायची आणि धाग्याची लांबी सांगायची. आमचे खालू त्यातलेच. त्यांची उमर जिनिंगमध्ये गेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा त्यांना म्हणालो, "खालू, तुमच्या बोटांतला एकेक तंतू म्हणजे एकच पेशी आहे." त्यांना पटेना. पण ते खरं आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते, तिला पीळ पडतो. त्या पिळामुळंच सूत कातता येतं.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी एवढ्या मोठ्या नसतात. गालाच्या आतून काडीनं खरवडलेली पेशी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मधोमध गडद ठिपका दिसतो, ते केंद्रक. भोवती पेशीद्रव्य आणि कडेला पातळ पटल.

अशा पेशी एका कामासाठी एकत्र आल्या की ऊती होते. संस्कृतात 'ऊति' म्हणजे विणणं. घरी उर्दू आणि शाळेत मराठी असं आमचं वाढणं, त्यामुळं दुसरा शब्दही ओळखीचा होता : नसीज. अरबीत त्याचा अर्थ विणलेलं कापड. हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतिशास्त्र, हा शब्द ज्या ग्रीक 'हिस्टॉस'वरून आला त्याचा अर्थ माग. तीन भाषांना माणसाच्या देहात कापडच दिसलं! त्याचे मुख्य प्रकार चार : अंग झाकणारी अभिस्तर ऊती, जोडून ठेवणारी संयोजी ऊती, हालचाल करणारी स्नायू ऊती आणि निरोप नेणारी चेता ऊती.

खालूंच्या तोंडातलं हे कापड आकसत चाललं होतं. वर्षानुवर्षं सुपारी, मग खर्रा. आधी सालन तिखट लागू लागलं, मग खाला त्यांना रोटी दुधात भिजवून देऊ लागली. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. त्यांच्या तोंडात एकच जाई. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितलं आणि घरात एकच गलका झाला. "लोहा लगा तो फैल जाता," असं प्रत्येक जण सांगू लागला. त्यात चार महिने गेले.

शेवटी मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. "खालू, रुईची गाठ एकशे सत्तर किलोची. तिचा दर्जा ठरवायला तुम्ही काय करता?"

"बाजूनं नमुना काढतो."

"मग त्यानं गाठ खराब होते का?"

ते गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही अकोल्याच्या गाडीत होतो.

तुकडा छोटासाच घेतात. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे सडत नाही. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप करतात. एकेक काप मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा पातळ. तो बिनरंगाचा असतो, म्हणून रंगवावा लागतो. मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून निघणाऱ्या हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळीजांभळी होतात, इओसिननं बाकीचं गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट वीण पाहतो : पेशींचे थर रांगेत आहेत का, केंद्रकं फुगलीत का, आणि अभिस्तराखालचा पातळ पडदा शाबूत आहे का. पेशी तो पडदा फोडून खाली उतरल्या तर तो कर्करोग.

हे काम आपल्याकडं नवं नाही. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यालाही आता ऐंशी वर्षं उलटली. राज्यात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली. पानटपरीवर खर्रा मात्र अजून घोटला जातोच, आणि तो घोटणारी, खाणारी पोरं आपल्याच मोहल्ल्यातली असतात.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. अभिस्तराखाली तंतूंची घट्ट दाटी झाली होती, वरच्या पेशी बिघडू लागल्या होत्या. पण पडदा शाबूत होता. मी ते उर्दूत समजावून सांगितलं. खालूंनी एवढंच विचारलं, "मतलब, अभी वक्त है?"

वक्त होता. त्यांनी खर्रा आणि सुपारी दोन्ही सोडलं. आकसलेला गाल पूर्ववत झाला नाही. तोंडाचा व्यायाम करून आता दीड बोट जातं. दर सहा महिन्यांनी तपासणीसाठी अकोल्याला जावं लागतं, कारण बिघडलेल्या पेशींचा भरवसा नसतो. मात्र आता जिनिंगमधला एखादा तरुण हमाल गाल फुगवून समोर आला की खालू त्याला आधी तोंड उघडायला लावतात आणि म्हणतात, "तीन उंगली डालके बता."