अधिकातली आषाढी



मी लंडनजवळ राहते. माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. घराण्यात वारी आहे, पण लग्न होऊन परदेशी गेल्यावर माझ्या पायांची ती सुटली. तरी एक आषाढी पदरात पडली. तिची हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण वारीची वाट ज्याच्या पायाखालची आहे त्यालाच ती कळेल.

दर दोन वर्षांनी मुलांना घेऊन आम्ही गावी यायचो, ते नाताळच्या सुट्टीत. मुंबईच्या विमानतळाबाहेर कठड्यापाशी गर्दीत एक पांढरी टोपी दिसायची. अण्णा! रात्रीच्या एसटीने निघून माझे वडील तिथे येऊन उभे असायचे. भाऊ म्हणायचा, "गाडी जातीये की, तुम्ही कशाला?" अण्णा ऐकायचे नाहीत. पिशवीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कागदाच्या पुडीत पंढरपूरचा बुक्का. आधी नातवंडांच्या कपाळाला बुक्का, मग बाकीचं बोलणं. गाव येईपर्यंत तो काळा बुक्का झोपलेल्या मुलांच्या नाकावर उतरलेला असायचा.

मग पंधरा-वीस दिवस कसे जात ते कळत नसे. शेतात हुरड्याची आगटी पेटायची. हात भाजतात म्हणून धाकटी ओरडायची, पण जागचं उठायची नाही. संध्याकाळी थोरला अण्णांशेजारी हरिपाठाला बसायचा. त्याला शब्द कळत नव्हते, पण टाळी चुकत नव्हती. निघायच्या दिवशी अण्णा बांधापर्यंत यायचे आणि दरवेळी तेच सांगायचे, "एकदा आषाढीला या."

माझं उत्तरही ठरलेलं. शाळा! इंग्लंडातल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात. आषाढी बहुतेक वर्षी त्याआधीच होऊन जाते. अण्णांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी पंचांग काढलं. तिथी इंग्रजी तारखेपेक्षा दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना ती पुन्हा पुढे ढकलतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आषाढीआधी अधिक पडला, की एकादशी जुलैच्या शेवटाकडे जाते. अण्णांनी हे बोटांवर मोजून ठेवलं होतं.

2015 साली अधिक आषाढ होता आणि आषाढी 27 जुलैला. त्या वर्षीच्या संक्रांतीलाच अण्णांचा फोन आला. "औंदा अधिक हाय. तुमच्या पोरांची शाळा सुटल्यावरच आषाढी येतीया. या की." त्या वर्षी आम्ही घर घेतलं होतं. चार तिकिटांचा खर्च झेपला नसता असं नाही, पण जड गेला असता. मी म्हटलं, "अण्णा, अधिक काय, तीन वर्षांनी परत येईलच की." ते म्हणाले, "येईल, येईल," आणि आईकडे फोन दिला.

2016 च्या पावसाळ्यात अण्णा गेले. वारी करून घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात.

अधिक महिना बरोबर तीन वर्षांनी आला. 2018 ला अधिक ज्येष्ठ, आषाढी 23 जुलै. मुलांची शाळा 20 तारखेला, शुक्रवारी सुटली आणि त्याच रात्री आम्ही विमानात बसलो. मुंबईला बाहेर आलो. कठडा तोच, गर्दी तीच. भावाने पाठवलेला ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभा होता. धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली, "इथे आता कुणी काही लावणार नाही का?" मला उत्तर सुचलं नाही.

रात्री टेंभुर्णीला नातलगांकडे टेकलो. दशमीला पहाटे निघालो, गाडी सोडतात तिथवर गाडीने आणि पुढे पायी वाखरीला. अण्णांच्या मागे आईने वारी सोडली नव्हती, ती दिंडीबरोबर तिथे मुक्कामाला होती. भाऊ फोनवर दिंडीचा नंबर सांगत होता आणि आम्ही राहुट्यांमधून, चिखलातून वाट काढत होतो. शेवटी आईनेच आम्हाला पाहिलं. पायांना पोतेरं झालेलं, डोक्यावर पदर, चेहरा उन्हाने काळवंडलेला. विणेकरी बुवांच्या पाया पडायला मुलं वाकली, तर बुवाच मुलांच्या पायांशी वाकले. थोरला दचकून मागे सरला. "माऊली, आपल्यात असंच असतं," बुवा हसून म्हणाले.

मग आईने पडशीतून एक फडकं काढलं. त्यात लहान टाळांचे दोन जोड होते. "तुझ्या अण्णांनी घेतलेत पोरांसाठी. औंदा येणार म्हणून आधीच घेऊन ठेवले होते."

"कुठल्या वर्षी?" मी विचारलं, पण विचारताना मला ते ठाऊक होतं. तीन वर्षं ते टाळ ट्रंकेत होते. आईने फोनवर कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुपारी पालख्या निघायची लगबग सुरू झाली. आळंदीहून ज्ञानोबा माऊली, देहूहून तुकोबा, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, मुक्ताईनगरहून मुक्ताई, पैठणहून नाथ, सगळे वाखरीत आलेले. मग पंढरपूरकडून एक पालखी समोरून येताना दिसली. थोरल्याने विचारलं, "सगळे तिकडे चाललेत, तर ही उलटी का येतीये?"

आई म्हणाली, "ते नामदेव महाराज. ते पंढरीचेच. बाकीचे लांबून चालून आलेत ना, त्यास्नी न्यायला आलेत. लांबून आलेल्याला न्यायला कुणीतरी येशीपातूर यावंच लागतं."

माऊली, मी लहानपणापासून संतभेटीचं ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. अण्णा रात्रभर एसटीत बसून मुंबईला का येत, तेही कळलं. गाडी तर होतीच. पण गाडी पाठवणं वेगळं आणि न्यायला येणं वेगळं.

बुवांनी मुलांच्या कपाळाला बुक्का लावला. मुलं टाळ वाजवत पंढरपूरपर्यंत चालली. ताल पाच वेळा चुकला असेल, कुणी तोंड वाकडं केलं नाही. दर्शनबारीत उभं राहण्याची ताकद मुलांत उरली नव्हती. कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला दुरून हात जोडले आणि माघारी फिरलो.

2020 आणि 2021 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या एकादशीला आमच्या घरात मुलांनी आपणहून ते टाळ काढले होते.

आता मी नवं पंचांग आलं की आधी अधिक महिना पाहते. 2026 ला पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे, आषाढी 25 जुलै. तुमच्या घरातलं कुणी दूर असेल, तर त्याला हे आताच कळवा. तो म्हणेल, पुढच्या अधिकाला बघू. त्याला माझी ही गोष्ट सांगा. आणि तो आलाच, तर तुम्ही वेशीपर्यंत जा.

रामकृष्णहरी.