खडखड

शनिवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे दुसरा चहा घेत पेपर वाचायची वेळ. बरोब्बर तेव्हाच आईचा फोन आला.

"अरे, तो नवा टीव्ही खडखडतोय."

"खडखडतोय म्हणजे?"

"खडखडतोय म्हणजे खडखडतोय! डब्यात फुटाणे घालून हलवल्यासारखा."

मागून अण्णांचा आवाज, "काय नाय झालं त्याला. चांगला चाललाय."

तर मंडळी, ही त्या टीव्हीची गोष्ट. २०२४ च्या दिवाळीत अस्मादिकांनी राहुरीच्या घरी त्रेचाळीस इंची टीव्ही पाठवला. पत्ता भरताना जिल्हा कुठला निवडायचा यावर पाच मिनिटं गेली. नाव त्याच ऑक्टोबरमध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालेलं, वेबसाइटच्या यादीत अजून अहमदनगर, आणि आम्ही घरात आयुष्यभर नुसतं 'नगर' म्हणत आलेलो. असो. टीव्ही पोचला, आईने त्याला हळदकुंकू लावलं, जुना डबा टीव्ही माळ्यावर गेला. आणि आठवड्याभरात ही खडखड.

सॉफ्टवेअरवाल्याला कोणी 'चालत नाही' म्हणून सांगितलं की त्याचे प्रश्न ठरलेले असतात. कधी होतं? दर वेळी होतं का? आधी काय केलं होतं? मी फोनवरच सुरू झालो.

"सातच्या बातम्यांना होतं. मालिकेत पुरुष बोलले की होतं, बायका बोलल्या की कमी होतं," आई म्हणाली.

मी हसलो. तेव्हा कळलं नाही, पण माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका बग रिपोर्ट मला कोणी दिला नव्हता. आणि तो मी हसण्यावारी नेला.

कंपनीकडे तक्रार नोंदवली. टेक्निशियन आला, त्याने टीव्ही लावला, पंधरावर आवाज ठेवून पाच मिनिटं गाणी ऐकली, "काकू, ओके आहे" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या तक्रारीला तोच पुन्हा आला. या वेळी आईने रिमोट स्वतःच्या हातात ठेवला आणि खडखड ऐकवली. त्याने स्पीकर बदलले. दोन दिवस बरे गेले (असं आईला वाटलं), पुन्हा खडखड. मग मी त्यालाच फोन लावला.

"सर, पंचेचाळीसवर होता हो आवाज. एवढ्या आवाजात कोण बघतं टीव्ही?"

"कोणी का बघेना! शंभरपर्यंत आकडे दिलेत ना तुम्ही? मग पंचेचाळीसला वाजायला नको?"

बिचारा गप्प बसला. संध्याकाळी मला मेसेज आला. तक्रार बंद, दोष आढळला नाही. हा शिक्का आम्ही मंडळी रोज दुसऱ्यांवर मारत असतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय' या नावाने. स्वतःवर बसला तेव्हा कळलं किती झोंबतो ते.

मग काय, रात्री बसून एक सणसणीत मेल लिहिला. त्यात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला, जिल्हा ग्राहक आयोग आला, राष्ट्रीय हेल्पलाइनचा १९१५ नंबर आला. पाठवण्याआधी कौतुकाने बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण तू स्वतः ऐकलंयस का ते?"

नव्हतं ऐकलं.

पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. पुण्याहून नगर १२० किलोमीटर, सुप्याला चहा, नगरच्या पुढे मनमाड रस्त्याने आणखी पस्तीसेक किलोमीटर. पेनड्राइव्हवर नुसत्या सुरांच्या फाइली करून घेतल्या होत्या. १०० हर्ट्झ, १५०, २००, असं करत ८००० पर्यंत. जी ऐकायची ती सगळी कंपनं एकेक करून वाजवायची, कुठे खडखडतं ते शोधायचं, व्हिडिओ काढायचा आणि मेलला जोडायचा, असा बेत.

आईने पोहे पुढ्यात ठेवले, मी रिमोट घेतला. आवाज आधीच पंचेचाळीसवर होता. १०० हर्ट्झला काही नाही. १५० ला काहीतरी कुरकुरलं. २०० ला... फुटाणे! अगदी डब्यातले. आईने 'बघ, मी सांगत नव्हते?' असा चेहरा केला. पुरुषांचा बोलण्याचा मूळ सूर खालच्या पट्टीतला असतो, बायकांचा त्याहून वर. बग रिपोर्ट शंभर टक्के खरा होता.

मी टीव्हीची पाठ दाबून बघितली. खडखड चालूच. वायरी बाजूला केल्या. चालूच. भिंतीपासून पुढे ओढला. चालूच. अण्णा खुर्चीत बसून हा प्रकार बघत होते. ते उठले. टीव्हीच्या कडेवर तळहात ठेवला, काढला. मग टीव्ही ज्यावर ठेवलाय त्या जुन्या सागवानी शोकेसवर ठेवला. मग बोटं हळूहळू शोकेसच्या सरकत्या काचेवरून फिरवत नेली आणि एका जागी थांबले.

"टीव्ही नाय. ही काच हाय."

बोटाने काच दाबली. खडखड बंद. सोडली. चालू.

अण्णा एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. मिल विभागात चौतीस गळीत हंगाम काढले. लहानपणी मला त्यांच्या एका कसबाचं फार अप्रूप होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठली बेअरिंग जायला आलीय ते सांगायचं.

"ऐकू आली होय खडखड?" मी विचारलं.

"ऐकायला कशाला पाहिजे? हाताला लागतंय ना."

त्यांनी आतून कात्री आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, दोन पट्ट्या कापल्या आणि काचेच्या खाचेत दाबून बसवल्या. संपलं. तीन तक्रारी, नवे स्पीकर, एक कायदेशीर मेल, आणि इलाज निघाला बोटभर रबर. कारणही सरळ होतं. जुन्या डबा टीव्हीचे स्पीकर बहुधा समोर किंवा बाजूला असायचे. हे नवे टीव्ही इतके बारीक असतात की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवावे लागतात. आवाज आधी खालच्या फळीवर आणि भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. फळीखाली सैल काच असली की ती तिच्या आवडीच्या सुराला थरथरते. टीव्ही बिचारा निर्दोष.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुरुस्ती झाली की उरलेल्या सगळ्या चाचण्या चालवायच्या, ही खोड. मी पुढच्या फाइली वाजवत गेलो. ५००, ठीक. १०००, ठीक. २०००, ठीक. ३००० ला अण्णा जरा पुढे वाकले. ४००० ला आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बंद कर रे ते! डोक्यात जातंय."

अण्णा शांतपणे पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "लाव की पुढचा."

मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही. आवाज पंचेचाळीसवर होता आणि तो किंचाळणारा सूर अख्ख्या खोलीत भरलेला होता. आणि त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं.

'एवढ्या आवाजात कोण बघतं टीव्ही?' हा प्रश्न त्या पोराने मला महिन्यापूर्वीच विचारला होता. सगळ्या प्रकरणात तेवढा एकच प्रश्न कामाचा होता आणि मी त्याच्यावर डाफरलो होतो.

मग एकेक आठवायला लागलं. 'हल्लीचे नट पुटपुटतात' ही अण्णांची तक्रार. लग्नकार्यात ते कोपऱ्यात जाऊन बसतात ते. विचारलं एक की उत्तर दुसरंच. आणि फोन... गेली चार-पाच वर्षं मी फोन केला की अण्णा "हा, बरंय, हे घे आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकायचे. मला वाटायचं, माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही. पोरगा पुण्याला गेला, त्याचं जग वेगळं, वगैरे. खरं सांगायचं तर मनात थोडा राग धरून होतो. मग मीही 'अण्णांना दे' म्हणायचं सोडून दिलं होतं.

आता हे बघा. साधा टेलिफोन पूर्वापार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवत आलाय. आपल्या बोलण्यात स्वर जाड असतात, खालच्या पट्टीतले. स, श, थ, फ ही व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीतली. वरचं ऐकू येईनासं झालं की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. अण्णांच्या कानांनी वरचं आधीच गाळलेलं, उरलंसुरलं फोनने गाळलेलं. माझी निम्मी वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून ते टीव्हीचा आवाज वाढवत होते. पण आवाज वाढवला की व्यंजनांबरोबर स्वरही वाढतात. व्यंजनं कळत नव्हती ती नव्हतीच, स्वर मात्र काच हलवत होते.

डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर व्हायचं ते झालं. "मला ऐकू येतं. तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता." दोन शनिवार यात गेले. तिसऱ्या शनिवारी नगरला नेलं, ऑडिओग्राम काढला. डाव्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर, आणि ४००० हर्ट्झला दरीत कोसळल्यासारखी खाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काम कुठे करायचात?"

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. गोंगाटाने येणारं बहिरेपण कारखाने अधिनियम १९४८ च्या व्यावसायिक रोगांच्या यादीतही होतं. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला, मग जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत शाळेची फी त्यातून आली. माझ्या इंजिनिअरिंगचीसुद्धा. कानात कापूस घालून अण्णा तीन पाळ्यांत काम करायचे. कापसाने असा किती आवाज अडणार?

डॉक्टर समजावत होते की आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अण्णा बराच वेळ तो आलेख निरखत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे झीज हाय."

"हो, झीजच."

"मग बुश बदलता येत नाय, तर पॅकिंग टाकायचं. काय टाकायचं ते टाका."

अशी श्रवणयंत्रं आली. पहिला महिना वाईट गेला. चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं याचं नसतं. भांड्यांचा आवाज, पिशवीचा चुरचुर आवाज, सगळं अंगावर येतं. मेंदूला पुन्हा सवय लागायला काही आठवडे जातात. अण्णा यंत्रं काढून डबीत ठेवायचे, आई पुन्हा घालायला लावायची. रोजची भांडणं. टीव्ही बावीसवर आला, भांडणं पन्नासवर गेली.

तो मेल मी कधीच पाठवला नाही. त्या टेक्निशियनला फोन करून मात्र सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सर, काच होती होय! मला वाटलंच होतं टीव्ही ओके आहे." कानांबद्दल त्याला काही सांगितलं नाही.

तुमचाही टीव्ही खडखडत असेल तर आधी आजूबाजूच्या वस्तू एकेक करून हाताने दाबून बघा, मग कंपनीला फोन करा. आणि या वीकेंडला घरी गेलात तर टीव्हीच्या आवाजाचा आकडा तेवढा बघून घ्या. एवढंच.

परवा शनिवारी पुन्हा फोन. या वेळी अण्णांचा, स्वतःहून.

"अरे, तो हॉलमधला पंखा कुईकुई करतोय. कधीपासून करतोय रे?"

मागून आईचा आवाज आला, "सहा वर्षं झाली!"

"मग सांगायचं नाय का कोणी?" अण्णा म्हणाले. आणि पुढची वीस मिनिटं ते मला पंख्याच्या बेअरिंगबद्दल सांगत होते.