बिनदाखल्याचं दुःख

दोस्तहो, आज जे लिहितोय ते मोर्च्यात बोलता येत नाही. मंचावर तर नाहीच नाही. म्हणून इथं लिहितो.

१९७९ चा पावसाळा. तेव्हाच्या औरंगाबादेत आमची एक पत्र्याची खोली होती. चौघं राहायचो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांचं काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. आम्ही दिवसा गावोगाव फिरून जळालेल्या घरांच्या याद्या करायचो. रात्री स्टेन्सिल कापायचो. टाईपरायटर कुठला? कंदिलाच्या उजेडात, लोखंडी टोकाच्या लेखणीनं मेणकागदावर एकेक अक्षर कोरायचं. जोर जास्त झाला की कागद फाटायचा, कमी झाला की अक्षर उमटायचं नाही.

अशाच एका रात्री माझा हात थांबला. काही झालं नव्हतं. उलट त्या दिवशी चांगलंच झालं होतं. बरेच दिवस अडलेली एक फिर्याद दाखल झाली होती. एका मावशीनं भाकरी-कोरड्यास पोटभर खाऊ घातलं होतं. अंगात ताप नाही, खिशात एस.टी.पुरते पैसे. आणि एकदम आतून काहीतरी खाली बसलं. रडू येत नव्हतं, रागही नव्हता. नुसता कशातच जीव लागेना. समोर वाक्य होतं, 'आम्ही मागे हटणार नाही'. आणि मला त्यातला 'आम्ही' कोण तेच कळेना.

सकाळी उठलो तर काही नाही. चहा प्यालो, राहिलेलं स्टेन्सिल पुरं केलं. कुणाला बोललो नाही. लाज वाटली. ज्यांची घरं जळाली ती माणसं पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या करत होती आणि मी भाकरी खाऊन उदास!

आपल्याकडं दुःखाला कारण लागतं. पाणवठ्यावरून हाकललं ते दुःख. शाळेत बाहेर बसवलं ते दुःख. मेलेलं ढोर ओढलं, शिळं मागून आणलं, घर पेटवलं, ही सगळी दुःखं. त्यांना कागद आहेत. एफ.आय.आर. आहे, पंचनामा आहे, जातीचा दाखला आहे. ती मांडता येतात, त्यांच्यावर कविता होते, मोर्चा निघतो. पण रविवारी दुपारी चारच्या सुमारास, पंखा चालू असताना, लेकरं बरी असताना जे येतं त्याचं काय? त्याच्याकडं दाखला नसतो. आणि बिनदाखल्याच्याला दारात कोण उभं करतो?

त्या खोलीत आमच्यातला एक दोस्त होता. नाव सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. तिसऱ्या दिवशी उठायचा, अंघोळ करायचा आणि तिघांचं काम एकटा ओढायचा. एकदा एक महत्त्वाचं पत्रक निघायचं होतं आणि हा पडलेला. मी त्याला म्हणालो, "हे पांढरपेशे चोचले आपल्यात चालत नाहीत. आपल्या मायबापाला उदास व्हायला वेळ होता का रे?" बाकीचे हसले. तो काही बोलला नाही. उठून वाकळ घडी केली. महिन्याभरात तो गावाकडं निघून गेला. आम्ही म्हणालो, कच्चा निघाला.

खरं सांगतो, मी खोटं बोललो होतो. माझ्या मायला वेळ होता. म्हणजे वेळ नव्हताच, पण ते वेळ बघून येत नव्हतं. दिवेलागणीला ती कधीकधी उंबऱ्यात बसायची, हात मांडीवर टाकून. चूल पेटवायची राहिलेली.

"माय, काय झालं?"

"काय न्हाई रं. उगंच जीव लागंना."

एवढंच. कधी म्हणायची करमंना, कधी कसनुसं व्हतंय. शिकलेली माणसं हुरहूर म्हणतात. मला या शब्दांचं फार वाटतं. 'मला करमत नाही' या वाक्यात करणारा कुणीच नसतो. मी काही केलं नाही, कुणी मला काही केलं नाही, तरी करमत नाही. आमच्या चळवळीच्या भाषेत असं वाक्य नव्हतं. आमच्या प्रत्येक वाक्यात कुणीतरी करणारा असायचा आणि कुणीतरी सोसणारा.

मायच्या मायच्या काळी याला 'बाहेरचं' म्हणायचे. देवऋष्याकडं न्यायचे, लिंबू उतरायचे, अंगारा लावायचे. कुणा बाईच्या अंगात यायचं. केस सोडून ती घुमायची, ओरडायची, नवऱ्याला नावानं हाक मारून शिव्या द्यायची आणि सगळी वस्ती हात जोडून ऐकायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. पुढं आमच्या वस्तीनंही देव टोपल्यात भरून नदीला सोडले. बरोबरच केलं. त्याचं मला कणभर वाईट वाटत नाही. देवऋष्यानं किती घरांची कोंबडी-बकरी खाल्ली, किती बायांना चटके दिले, ते मी पाहिलेल्यांकडून ऐकलंय. पण देवांबरोबर ती ओरडायची जागाही वाहून गेली. तिच्या बदल्यात बाईला काय द्यायचं, हा विचार आम्ही शिकलेल्या पोरांनी केला नाही. आम्ही मायला भाषण दिलं.

तिच्याकडं जातं होतं. पहाटे दळताना गायची. भावाच्या, लेकीच्या ओव्या, आणि मग भीमरायाच्या. बाबासाहेबांवर बायांनी जात्यावर किती रचून ठेवलंय! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून हजारो ओव्या गोळा केल्या, त्यात त्याही आहेत. मग गावात पिठाची गिरणी आली. बायांचे हात सुटले. जातं कोपऱ्यात गेलं, त्याच्यावर घागर ठेवायला लागले. माय म्हणायची, "दळन सुटलं ते बरं झालं. पर गळा मुका झाला." नंतर तिनं वाकळीचं धरलं. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, दाभण, दोरा. भरदुपारी माय वाकळ काढून बसली की आम्ही ओळखायचो, आज हिला बोलवायचं नाही.

तिला एकदा विचारलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात कसं व्हायचं? त्या साली ती खडी फोडायला होती, सुकडीवर आम्हाला जगवलं. ती म्हणाली, "त्या साली उगंच काय वाटलंच न्हाई. भुकंचंच वाटायचं." यावर मी पुष्कळ विचार केलाय. मार चालू असतो तेव्हा माणूस उदास नसतो, मार चुकवत असतो. ते येतं नंतर, पोट भरल्यावर, दार लावल्यावर. म्हणून 'तुला आता काय कमी आहे' हा प्रश्न मला आता बिनडोक वाटतो.

बापाचा इलाज गुत्त्यात होता. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माझा इलाज बापापेक्षा भारी नव्हता, फक्त दिसायला बरा होता. मी उदासीचा राग करून टाकायचो. रागाला चळवळीत मान आहे, उदासीला नाही. आत जीव खाली बसायला लागला की मी एखादा मुद्दा काढायचो आणि कुणावर तरी तुटून पडायचो. सभेत तुटून पडलो तर टाळ्या मिळायच्या. पण ते दरवेळी सभेच्या दिवशीच थोडं येतं? ते घरी यायचं. मग भाजीत मीठ जास्त, पोरगी अभ्यास करत नाही, तुमच्या माहेरचे तसले. बायकोनं, लेकरांनी वर्षानुवर्षं ते खाल्लं. साऱ्या मराठवाड्यातले पंचनामे मी गोळा केले, माझ्या घरातला कुणी केला नाही.

तुम्ही म्हणाल, मग बाबासाहेबांचं काय? त्यांना वेळ होता का उदास व्हायला? त्यांची चार लेकरं गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये. २७ मे १९३५ ला रमाई गेली. ही कारणाची दुःखं, माहीत आहे. त्यांना बिनकारणाचं काही होत होतं का, ते सांगायचा अधिकार मला नाही. पण उतारवयात, घटना, कायदा, धम्म एवढं सगळं अंगावर असताना, हा माणूस व्हायोलिन शिकत होता. हे मला फार धीराचं वाटतं. आपल्या घरांतल्या तसबिरींत बोट वर केलेले बाबासाहेब आहेत, पुस्तक घेतलेले आहेत. व्हायोलिन घेतलेले क्वचितच.

आणि त्यांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या आरंभी प्रश्न टाकलाय: चार आर्यसत्यं मुळात बुद्धाच्या शिकवणीतली आहेत का? जगणं म्हणजे दुःखच, असं म्हणणारा धम्म माणसाला आशा काय देणार? मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाला. आम्ही त्यातून एवढंच उचललं की दुःख म्हणजे माणसानं माणसावर केलेला अन्याय, तो मिटला की दुःख मिटलं. हे खरंच आहे. पण त्याच धम्मात सतिपट्ठान सुत्त आहे. त्यात वेदना तीन प्रकारच्या सांगितल्यात, सुखाची, दुःखाची आणि ना सुखाची ना दुःखाची. आणि करायचं काय, तर आधी ती आली आहे एवढं ओळखायचं. लगेच हाकलायची नाही, तिला कुरवाळायचीही नाही. १९७६ मध्ये इगतपुरीला विपश्यनेची शिबिरं सुरू झाली तेव्हा आम्ही थट्टा करायचो, डोळे मिटून जात जाते काय? अजूनही मी तसंच म्हणेन, जात नाही जात. पण डोळे मिटले तर बायकोवर ओरडायचं तेवढं राहतं. मी दहा दिवसांचं शिबिर केलेलं नाही. संध्याकाळी विहारात वीसेक मिनिटं बसतो. त्यातली दहा पेन्शनच्या हिशेबात जातात.

एक मात्र नीट ऐका. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्याच्या मागं कारण होतं, वसतिगृहातून काढलं होतं, शिष्यवृत्ती अडवली होती. त्याच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो ते योग्यच. पण त्याच्या पत्रात रितेपणाबद्दल जे आहे, त्यावरून आपण भराभर पुढं गेलो, कारण त्याची घोषणा होत नव्हती. मी ज्याबद्दल लिहितोय ते येतं आणि जातं. एक रात्र, दोन दिवस. जे जात नाही, दोन आठवडे झाले तरी उठवत नाही, झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, ते वेगळं. तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहे. कधी थायरॉईड निघतो, कधी अंगात रक्त कमी निघतं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. दोस्ताला भाषण द्यायच्या आधी हा नंबर द्या. आणि दिवसभर उपाशीपोटी चहा-बिडीवर फिरून रात्री जीव लागत नसेल, तर आधी जेवा. आमची निम्मी उदासी कदाचित तीच होती.

तो दोस्त मला १९९९ मध्ये भेटला. १४ जानेवारीला, विद्यापीठाच्या गेटवर, नामविस्तारदिनाच्या गर्दीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला होता. मिठी मारली. रसवंतीवर बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू त्या दिवशी बोललास ते लई लागलं होतं."

मी म्हणालो, "मलाबी व्हायचं तसं. तेव्हाही."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मग तेव्हा कामून न्हाई बोलला?"

मला उत्तर देता आलं नाही. रसाचे पैसे त्यानंच दिले.

आता आम्ही दोघंही रिटायर. बायकोला माझं लगेच कळतं. ती काही विचारत नाही. "तुमचं झालं का सुरू?" म्हणते आणि तुरीची डाळ ताटात ओतून पुढ्यात ठेवते. खडे वेचत बसतो. आधी अपमान वाटायचा, आता बोटं आपोआप चालतात. मायच्या दाभणासारखंच काहीतरी असणार.

गेल्या आठवड्यात असाच बसलो होतो तर त्याचा फोन.

"काय रं, काय झालं?"

"काय न्हाई. उगंच केला."

"बरं केलं."

"काय करालास?"

"डाळ निवडतोय."

तो हसला. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. त्याच्याकडं कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली. जयभीम म्हणून फोन ठेवला. डाळ अर्धी राहिली होती.