वहीतले इंजिन

ओहायो हे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एक शेतीप्रधान राज्य. हिवाळ्यात तेथील शेते बर्फाखाली जातात आणि शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. अशा एखाद्या रात्री, जेवणे उरकल्यावर, स्वयंपाकघरातील टेबलाशी वही घेऊन बसलेला एक चाळिशीतला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. अशी माणसे त्या मुलखात गावोगावी आढळतात. वहीच्या पहिल्या पानावर त्याने एकच आकडा लिहिला आहे : ६००. हा आकडा पैशांचा नाही आणि पिकाचाही नाही. शेडमध्ये उभ्या असलेल्या आपल्या १९९७ सालच्या डॉज रॅम पिकअपच्या इंजिनातून त्याला इतकी अश्वशक्ती काढावयाची आहे. कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली, तेव्हा तिची शक्ती २१५ होती.

या आकड्यामागे एक संध्याकाळ आहे. उन्हाळ्यात तेथील जत्रांमधून गाड्यांच्या ओढीची स्पर्धा भरते. गाडीमागे एक लोखंडी घसरगाडी बांधतात. गाडी जसजशी पुढे जाते, तसतशी घसरगाडीवरील वजनाची पेटीही पुढे सरकते, तिचा पुढचा भाग मातीत रुततो आणि ओझे पावलागणिक वाढत जाते. तीनशे फुटांची वाट पुरी करणाऱ्यासाठी सारी जत्रा टाळ्या वाजवते. गेल्या उन्हाळ्यात या शेतकऱ्याची गाडी अर्ध्या वाटेतच थबकली. तेव्हा कोणी हसले असेल वा नसेल. त्याला मात्र हसू ऐकू आले.

पण तीच गाडी वर्षभर गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर ओढते, गुरे बाजारात नेते, बी-बियाणे आणि खत घरी आणते. दुसरी गाडी त्याच्याजवळ नाही. स्पर्धा एका संध्याकाळची आणि संसार बारा महिन्यांचा. आणि दोहोंसाठी इंजिन एकच. वही घेऊन बसावे लागले ते यामुळेच.

हे इंजिन भारतीय वाचकाला अगदीच परके नाही. कमिन्स कंपनीच्या ‘बी’ मालिकेतील ते सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटरचे डिझेल इंजिन. कमिन्सची स्थापना इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी १९१९ साली झाली. १९६२ साली किर्लोस्करांशी भागीदारी करून ती पुण्यात आली आणि १९९३ साली टाटांबरोबर जमशेदपूरला तिचा संयुक्त उद्योग उभा राहिला. ‘बी’ मालिकेची इंजिने तेथे तयार होऊन टाटांच्या ट्रकांत बसू लागली. घाट चढणाऱ्या त्या ट्रकांची खर्जातली घरघर ज्याने ऐकली आहे, त्याने ओहायोतील या गाडीच्या भावंडाचा आवाज ऐकला आहे. हे इंजिन मूळचे ट्रकांसाठी आणि शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांसाठी आखलेले. ते १९८९ च्या सुमारास पिकअपमध्ये बसवले गेले. ओतीव लोखंडाचा जाड ब्लॉक, जाड क्रँक, मंद गती. एवढ्या भक्कम बांध्याचे इंजिन लहान गाडीत आले, की ‘याच्यात अजून पुष्कळ ताकद दडली आहे’ असे माणसाला वाटू लागते. ते खोटेही नाही.

मोहाचे खरे घर मात्र डिझेल पंपात आहे. १९९४ ते १९९८ या काळातील या इंजिनांवर बॉश कंपनीचा पूर्णपणे यांत्रिक पंप असे. त्यात संगणक नाही. सिलिंडरात किती डिझेल जावे, याची मर्यादा आत बसवलेली एक लहानशी पोलादी पट्टी ठरवते. ती घासली, सरकवली किंवा बदलली, की इंजिनाला अधिक डिझेल मिळते. एका संध्याकाळचे काम. गाडी उसळी घेते, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो आणि मालकाला वाटते, की आपण फार मोठे काही साधले. वास्तविक तो काळा धूर म्हणजे नीट न जळलेले इंधन. मालकाचा पैसा आणि शेजाऱ्याच्या छातीतली काजळी. रस्त्यावरील गाडीची प्रदूषणरोधक साधने काढण्यास अमेरिकेतील कायद्याचीही मनाई आहे.

डिझेल वाढवायचे तर हवा वाढवली पाहिजे, आणि टर्बोचे काम तेच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरात कोंबते. जो वायू वाया जायचा, त्यालाच कामाला जुंपावयाचे. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत तिला इंटरकूलरमधून थंड करून मग आत सोडतात. ६०० अश्वशक्तीसाठी शेतकऱ्याने वहीत दोन टर्बोंची जोडी लिहिली होती. मोठ्याने हवा दाबावी आणि धाकट्याने ती आणखी दाबावी, अशी ती व्यवस्था.

येथवर लेखणी भराभर चालली. अडली ती ‘उष्णता’ या शब्दापाशी.

डिझेल इंजिनात इंधन वाढले आणि हवा तितकी वाढली नाही, तर बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान झपाट्याने चढते. ते मोजण्याचा काटा चालकासमोर बसवता येतो. हा काटा दीर्घकाळ १२५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग पिस्टन टिकतो कसा? कारण त्याच्या पोटावर खालून तेलाची धार सतत उडत असते आणि तो आपली उष्णता सिलिंडरच्या भिंतीला देत राहतो. ही देवघेव चालू असेपर्यंतच पिस्टनची धडगत असते.

आता जत्रेतली ओढ काही सेकंदांची. तेवढ्यात काटा कितीही वर गेला, तरी धातूच्या गाभ्यापर्यंत आच पोहोचण्याआधी खेळ संपतो. पण आग्नेय ओहायोच्या टेकड्यांत, मागे गवताने भरलेला ट्रेलर आणि समोर लांबच लांब चढ असेल, तर तेथे सेकंदांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. जत्रेत जे इंजिन बाजी मारते, तेच चढावर पिस्टन वितळवून बसू शकते. शक्ती किती, एवढेच शेतकऱ्याने स्वतःला विचारले होते. ती किती वेळ, हे विचारलेच नव्हते. वहीत त्याने ६०० च्या शेजारी एक प्रश्नचिन्ह काढले.

कमिन्सच्याच इतिहासात याहून नामांकित लोकांची अशी एक फसगत नोंदलेली आहे. १९५२ साली इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध पाचशे मैलांच्या शर्यतीत कंपनीने टर्बो बसवलेली डिझेल गाडी उतरवली. चालक होता फ्रेड अगाबाशियन. इंजिन आडवे निजवून गाडीची उंची कमी केली होती. पात्रता फेरीत या गाडीने ताशी १३८ मैलांहून अधिक वेग नोंदवून आरंभरेषेवरचे पहिले स्थान पटकावले. डिझेलची गाडी सर्वांच्या पुढे! लोक चकित झाले. परंतु शर्यतीच्या दिवशी टर्बोची हवा ओढण्याची वाट जमिनीलगत राहिली होती. इतर गाड्यांच्या टायरांचे झिजलेले रबर आणि धूळ तिच्यात शिरली, टर्बो गुदमरला आणि दोनशेपैकी एकाहत्तर फेऱ्यांनंतर गाडी थांबली. इंजिनात उणे काहीच नव्हते. हवा कोठून घ्यावी, या साध्या गोष्टीवर मोठमोठ्या अभियंत्यांची मेहनत अडकली.

शेतकरी पुन्हा पहिल्या पानाकडे वळला. सहाही सिलिंडरांवर मिळून एकच अखंड हेड आहे आणि ते २६ बोल्टांनी आवळलेले आहे. टर्बोचा दाब वाढला, की हे हेड उचलले जाऊ पाहते आणि मधले गास्केट फुटते. म्हणून बोल्टांच्या जागी अधिक ताण सोसणारे स्टड हवेत. फेरे वाढवले, तर मूळच्या मऊ स्प्रिंगा झडपा वेळेवर मिटवू शकत नाहीत, आणि उघड्या राहिलेल्या झडपेवर पिस्टन आदळला तर पुढचे बोलायलाच नको. क्लच घसरणार, तोही बदलावा लागेल. गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचे नट सैल होण्याची खोड या गाड्यांना पहिल्यापासूनच आहे. वहीचे पान भरत गेले. प्रत्येक ओळ खालच्या ओळीला जन्म देत होती आणि प्रत्येक ओळीला किंमत होती. ब्रेकचा विचार तर बहुतेक जण करीतच नाहीत. वेग वाढवणाऱ्यांचा हा सार्वत्रिक विसराळूपणा म्हणावा लागेल.

सर्वांत खाली त्याने जी गोष्ट लिहिली, ती खरे तर सर्वांत वर हवी होती. या इंजिनाच्या पुढच्या भागात, टायमिंग गिअरांच्या आवरणामागे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक पोलादी खुंटी असते. कारखान्यात जोडणी करताना भाग नेमक्या जागी बसावा, एवढेच तिचे काम. ते संपल्यावर तिला काही काम उरत नाही. पण वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती कणाकणाने बाहेर सरकते आणि एक दिवस गिअरांच्या दातांत पडते. दात तुटतात, आवरण फुटते, कधी सारे इंजिनच निकामी होते. या गाड्यांचे मालक तिला ‘मारेकरी खुंटी’ म्हणतात. उपाय क्षुल्लक आहे : खुंटीच्या तोंडावर पत्र्याची एक पट्टी स्क्रूने बसवावयाची. शक्ती तसूभरही वाढत नाही. जत्रेत कोणी विचारतही नाही.

रात्री उशिरा त्याने ६०० वर रेघ मारली आणि खाली ३५० लिहिले. एक जरा मोठा टर्बो, बेताने वाढवलेले डिझेल, स्टड, क्लच आणि तापमानाचा काटा. दोन टर्बोंची जोडी गेली. रेघ मारताना हात थोडा रेंगाळला. शेजारच्या गावातले मित्र पाचशे-सहाशेच्या गोष्टी करतात. त्यांच्यात ३५० म्हणणे म्हणजे आवाज खाली घेणेच होते. शिवाय या आकड्याने तीनशे फूट पुरे होतीलच, याची खात्री नव्हती. पुढच्या उन्हाळ्यातही गाडी अर्ध्या वाटेत थबकेल, हे त्याला दिसत होते.

शनिवारी सकाळी तो शेडमध्ये गेला. पंखा, पट्टा आणि पुढची पुली उतरवून त्याने आवरण काढले. काळ्या तेलाने माखलेल्या गिअरांच्या मागे टॉर्चचा झोत टाकला. खुंटी आपल्या भोकातून जवळजवळ अर्धी बाहेर आलेली होती. त्याने तिच्यावर बोट ठेवले, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग हातोडी मागवून तिला हलकेच आत ठोकू लागला.