मनाचा डॉक्टर करतो तरी काय?

अंगात ताप भरला की आपण दवाखाना गाठतो. बैलाने चारा सोडला तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. पण घरातला माणूस महिना महिना घुम्यासारखा बसून राहिला, त्याची झोप उडाली, तर “होईल आपोआप नीट” म्हणून सोडून देतो. मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की कुणीतरी म्हणतेच, “तिथे नुसतं बोलतात. बोलून काय होणार?”

आमच्या घरीही हेच झाले. लागोपाठ दोन वर्षे कापूस गेला आणि माझे धाकटे दीर शेतात जाईनासे झाले. एके दिवशी म्हणाले, “वहिनी, मी घराला ओझं झालोय.” ते ऐकून मात्र आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी प्रथम फवारणीची औषधे कुलपात ठेवायला सांगितली. मग म्हणाल्या, “दादा, माझी कामाची रीत आधी सांगते. पटली तर पुढे जाऊ.”

या विद्येत अशा निरनिराळ्या रीती आहेत. व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांची रीत जुनी. दुखण्याचे मूळ लहानपणात, मनाच्या तळाशी दडलेले असते. ते बोलता बोलता वर आणायचे, असे ते सांगत. याला कधी कधी वर्षे लागतात.

अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास वेगळी वाट धरली. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त खचवतो, हे त्यांचे सांगणे. पीक बुडाले हे खरे. पण पीक बुडाले म्हणून मी नालायक, हे कशावरून? असा सवाल स्वतःलाच करायला ते शिकवीत. आपल्याकडे ही विचारपद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली.

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे तर शेतावर वाढलेले; कॉलेजात आधी शेतकीच शिकायला गेले. तळघरातल्या बटाट्यांचे फिकट कोंब लांबच्या खिडकीतल्या उजेडाकडे वाढत, ही आठवण ते सांगत. माणसाचेही तसेच आहे, असे त्यांना वाटे. म्हणून उपदेश कमी करायचा आणि मनापासून ऐकून घ्यायचे, ही त्यांची रीत.

आणखी एक रीत आपल्याला जवळची आहे. उदास माणूस कामे सोडतो, आणि कामे सुटली की अधिक उदास होतो. हे रहाटगाडगे एका लहानशा कामाने मोडायचे. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिले. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. ३ महिन्यांनी या रीतीने सल्ला मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या बाईंनी हीच रीत धरली. मन लागो न लागो, सकाळची धार दिरांनीच काढायची, एवढेच पहिले काम दिले. चौथ्या खेपेनंतर ते आपण होऊन बांधापर्यंत गेले. कर्ज होते तेवढेच आहे. पण हप्ते पाडून मागायला सोसायटीत ते स्वतः गेले.

तेव्हा बियाणे घेताना चौकशी करता, तशी इथेही बेलाशक करा. तुमची रीत कोणती? खेपा किती लागतील? फरक पडला नाही तर पुढे काय? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. एका भेटीत बरे करतो म्हणणाऱ्यापासून मात्र जपून राहा. काही दुखण्यांना गोळ्याही लागतात. डॉक्टरांनी दिल्या असतील तर परस्पर बंद करू नका.

जिल्ह्याला जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येते. घरातले कुणी जगणे नकोसे झाले म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका, आणि फोन उद्यावर टाकू नका.